संध्याकाळी साडेपाचला पोरांना खायला काय द्यायचं

आमच्याकडे रोज साडेपाच-पावणेसहाला दार आपटतं, सॅक सोफ्यावर पडते आणि चपला काढायच्या आधी फ्रिज उघडला जातो. मग दोन मिनिटं फ्रिजचं दार तसंच उघडं, थंड हवा बाहेर, आणि आतून आवाज येतो, "बाबा, घरात खायला काहीच नाहीये." आणि फ्रिजमध्ये काय असतं तर दुपारची मटकीची उसळ, वाटीभर वरण, दही, चार अंडी, मळलेली कणीक. म्हणजे काहीच नाहीये.

मोठा दहावीत, धाकटी आठवीत, राहायला डोंबिवलीत, बायकोचं ऑफिस सीएसएमटीला म्हणून ती घरी पोचते आठला, आणि माझं वर्क फ्रॉम होम, त्यामुळे हा साडेपाचचा मोर्चा गेली काही वर्षं माझ्या अंगावर आहे. ह्यातून जे शिकलो ते लिहितोय. मी डाएटिशियन नाही, पण किचनमध्ये उभा राहणारा माणूस आहे.

आधी माझा गाढवपणा ऐका

सुरुवातीला मी एका रविवारी घरातलं सगळं "जंक" काढून टाकलं. वेफर्स, क्रीमची बिस्किटं, नूडल्स, सॉस सगळं. आणि ओट्सच्या कुकीज केल्या, ज्या कुणीच खाल्ल्या नाहीत, मी पण नाही. तीन आठवड्यांनी मोठ्याची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली रिकामी पाकिटं, व्यवस्थित घड्या घालून ठेवलेली. घड्या घातल्या होत्या ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं, कारण म्हणजे पोरगं निवांत बसून लपवत होतं. बंदी घालून आपण खाणं थांबवत नाही, फक्त आपल्याला दिसायचं थांबतं. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे साफसफाई मोहीम काढू नका.

एक आठवडा नुसतं बघा, बोलू नका

हे सगळ्यात अवघड आहे, विशेषतः आईबाबा लोकांना. आठ दिवस मनातल्या मनात नोंद ठेवायची की पोरगं किती वाजता खातं, कुणाबरोबर खातं, त्याच्या आधी शेवटचं कधी जेवलं होतं. काय खातं हे तितकं महत्त्वाचं नाही, कधी खातं ते बघा.

मला काय दिसलं सांगतो. मोठा दुपारी एकला मोबाईल बघत दीड पोळी खाऊन उठायचा, कारण साडेतीनचा क्लास आणि त्याआधी झोप. त्यानंतर आमचं रात्रीचं जेवण साडेनऊला, बायको आल्यावर, सगळ्यांचं एकत्र. म्हणजे एक ते साडेनऊ, साडेआठ तास! मी ऑफिसात होतो तेव्हा साडेआठ तास न खाता कधी राहिलो होतो का? चार वाजता चहा-बिस्किट, सहाला कुणाच्या तरी डब्यातला चिवडा, हे चालूच असायचं. आणि पोराने क्लास सुटल्यावर वडापाव खाल्ला की आपण म्हणतो जिभेचे चोचले.

आकडे बघितले तर अजून लाज वाटते. आयसीएमआरने (म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये भारतीयांसाठी जे आहाराचे आकडे काढलेत त्यात माझ्यासारख्या बसून काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २११० कॅलरी लागतात, आणि १३ ते १५ वयाच्या मुलाला २८६०, मुलीला २४००. म्हणजे आठवीतली पोरगीसुद्धा माझ्यापेक्षा जास्त खायला हवी, आणि आम्ही ताटात वाढतो उलटं. ह्या वयात उंची, हाडं, रक्त सगळं एकदम वाढत असतं. भूक खरी असते हो. फक्त ती नको त्या वेळी नको त्या टपरीसमोर लागते.

साडेपाचला खाऊ नाही, अर्धं जेवण द्या

मी केलेला एकच मोठा बदल हा, बाकी सगळी किरकोळ दुरुस्ती आहे. आपल्याकडे संध्याकाळचं खाणं म्हणजे "तोंडात टाकायला काहीतरी" अशी पद्धत आहे, पण ती वरणभात सातला-आठला जेवणाऱ्या घरांची. रात्री साडेनऊला जेवणाऱ्या घरात साडेपाचला अर्धं जेवणच लागतं. मग रात्री पोर कमी जेवली तर जेवू द्या, "दोन घास अजून घे" करत मागे लागू नका.

अर्ध्या जेवणाचा माझा हिशोब असा, पोट भरणारं एक काहीतरी (पोळी, भाकरी, पोहे, भात, पाव पण चालेल), त्याच्यात प्रोटीनचं एक काहीतरी (अंडं, उसळ, पनीर, दही, शेंगदाणे, फुटाणे) आणि ताजं एक काहीतरी (काकडी, गाजर, पेरू, केळं, निदान कांदा-कोथिंबीर-लिंबू). नुसतं पहिलं दिलं की तासाभराने परत फ्रिज उघडतो. चार बिस्किटं खाऊन अर्ध्या तासात भूक लागते ती ह्याचमुळे, त्यात मैदा, साखर आणि तेल सोडून थांबवणारं काही नसतंच.

आमच्याकडे सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे अंडापोळी. तवा चांगला तापू द्यायचा, चमचाभर तेल, दोन अंडी मीठ-हळद-तिखट घालून फेटून तव्यावर पसरायची, आणि ती ओली असतानाच वरून सकाळची पोळी ठेवायची आणि उलथन्याने दाबायची. अंडं पोळीला चिकटतं. मग उलटायचं, पोळीची बाजू जरा कुरकुरीत होऊ द्यायची, खाली उतरवून आत उभा चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, चाट मसाला आणि गुंडाळी. वाटलं तर सॉस, मी सॉसवरून भांडत नाही. सगळं मिळून सहा मिनिटं. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम प्रोटीन येतं, आणि मुख्य म्हणजे स्टेशनजवळच्या गाडीवर ह्यालाच फ्रँकी म्हणतात आणि तिथे मैद्याच्या पोळीत घालून विकतात, त्यामुळे पोरांना ते "घरचं" वाटत नाही. ताजी पोळी घेऊ नका, मऊ पडते आणि फाटते. शिळीच हवी.

अंडं न खाणाऱ्यांसाठी दडपे पोहे, पण थोडे वेगळे. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, साखर चिमूटभर, आणि त्यात मोड आलेली मटकी किंवा मूग वाफवून वाटीभर. वरून हिरवी मिरची, हिंग आणि भरपूर शेंगदाण्यांची फोडणी, आणि झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं दडपून ठेवायचं. घाईत हे दडपणं टाळलं तर पोहे कोरडे घशात अडकतात, म्हणून पोरं यायच्या आधी, म्हणजे सव्वापाचच्या मिटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी हे करून ठेवतो. बॉसला माहीत नाही.

बाकी लांबण लावत नाही. फोडणीची पोळी दह्याबरोबर, थालीपीठ (भाजणी घरात असेल तर ह्याच्यासारखं काही नाही), उसळ गरम करून वर फरसाण थोडं आणि पाव म्हणजे गरिबाची मिसळ, भाकरी-झुणका उरलेला असेल तर तो. बुधवारी आमच्याकडे नूडल्स असतात, पाकिटातल्याच, त्यात गाजर, मटार आणि एक अंडं फोडून टाकायचं आणि मसाल्याची पुडी अर्धीच घालायची. पहिल्या दोन वेळेला कुरकुर झाली, आता सवय झाली.

डबे खाली आणा

हे ऐकायला फालतू वाटेल पण करून बघा. आमच्याकडे फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू सगळं होतं, पण स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर, एकावर एक. आणि बिस्किटांचं पाकीट ओट्यावर. भुकेलं पोर डबे उघडून बघत बसणार आहे का? हाताला लागेल ते खाणार.

आता ओट्यावर तीन काचेच्या बरण्या आहेत, एकीत फुटाणे-शेंगदाणे मिक्स, एकीत भाजक्या पोह्यांचा नाहीतर कुरमुऱ्यांचा चिवडा, एकीत तिळाची किंवा शेंगदाण्याची चिक्की. फळं टोपलीत, टेबलावर, धुतलेली. फ्रिजमध्ये समोरच्या कप्प्यात उकडलेली अंडी आणि कापलेली काकडी, आणि कालची भाजी मागे. वेफर्स घरात येतात, पण साठा नसतो, शनिवारी एक पाकीट आणायचं, ते मोठ्या बाऊलमध्ये ओतायचं आणि चौघांनी मिळून खायचं. पाकिटात हात घालून एकट्याने खाल्लं की किती खाल्लं ते तळ दिसल्यावरच कळतं, माझं पण तेच होतं.

पाकीट मागून वाचायला शिकवा

पोरांना लेक्चर आवडत नाही, पण कुणीतरी आपल्याला गंडवतंय हे कळलं की त्यांना जाम राग येतो. ह्याचा फायदा घ्या. धाकटीला मी एक "डायजेस्टिव्ह" छापाचं बिस्किट दिलं आणि म्हटलं मागे घटक वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. तिने बघितलं तर पहिला मैदा, आणि पुढे लगेच साखर आणि पामतेल, आणि पाकिटावर पुढून मात्र गव्हाच्या लोंब्यांचं मोठं चित्र. त्या दिवसापासून ती दुकानात उभी राहून मला वाचून दाखवते, दुकानदार कंटाळलाय.

मिठाचा हिशोब पण सोपा आहे, पाकिटावर मीठ नसतं, सोडियम असतं, त्याला अडीचने गुणायचं. समजा १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, तर ते झालं २००० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसभराचं मिळून ५ ग्रॅमच्या आत असावं असं डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सांगते आणि त्यात आपलं लोणचं, पापड, भाजी, आमटी सगळं आलं. आणि "पर सर्व्ह" ह्या शब्दाकडे नीट बघा, पुष्कळदा आकडा अर्ध्या पाकिटाचा असतो, जसं काही कुणी अर्धं पाकीट खाऊन रबर लावून ठेवणार आहे.

पिण्यावर मात्र मी कडक आहे

खाण्यात मी बरंच सोडून देतो, पण बाटल्यांच्या बाबतीत नाही. कोल्ड्रिंकमध्ये साधारण १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे अर्धा लिटरच्या बाटलीत पन्नासच्या वर, पोहे खायच्या चमच्याने नाही, चहाच्या चमच्याने मोजली तर दहा चमचे. डब्ल्यूएचओचा हिशोब धरला तर २४०० कॅलरी खाणाऱ्या मुलीला दिवसभरात वरची साखर ६० ग्रॅमच्या आत हवी, आणि ३० च्या आत असली तर उत्तम. एका बाटलीत दिवसाचा कोटा जवळजवळ खलास, आणि पोट भरलं का तर नाही. आंब्याच्या पेयांना लोक फळाचा ज्यूस समजतात, त्यातल्या काहींत कोलापेक्षा जास्त साखर असते.

एकदा घरी दहा चमचे साखर ग्लासात मोजून दाखवा, काही बोलू नका, नुसता ग्लास टेबलावर ठेवा.

एनर्जी ड्रिंकला आमच्याकडे सरळ नाही. वीस रुपयांत मिळतात म्हणून आठवी-नववीची पोरं क्लासच्या आधी पितात. २५० मिलीच्या बाटलीत साधारण ७०-७५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि मुलांसाठी योग्य नाही असं बाटलीवरच छापलेलं असतं, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) तसा नियम आहे, पण अक्षर इतकं बारीक की मला चष्मा लावून वाचावं लागलं. मोठ्याला मी तेच वाचायला लावलं. त्याऐवजी लिंबू सरबत, ताक, कोकम, शहाळं परवडेल तेव्हा. आणि साधं पाणी हो, कधी कधी पोरांना तहान लागलेली असते आणि ते म्हणतात भूक लागली.

बाहेरचं खाणं आणि पैसे

शाळेच्या कॅन्टीनमध्ये जंक फूड नको असा आदेश महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्येच काढला होता, आणि एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमात तर शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत असं आहे. कागदावर छान आहे. गेटबाहेर काय उभं असतं ते आपण सगळे बघतोच.

मित्रांबरोबर खाणं बंद करता येत नाही आणि करू पण नये, पंधराव्या वर्षी टपरीवर उभं राहून एका प्लेटमध्ये चौघांनी खाण्यात जे आहे ते घरच्या थालीपीठात नाही. मी फक्त टायमिंग बदललं. क्लासला जाताना सॅकमध्ये एक केळं आणि मूठभर शेंगदाणे-फुटाणे, साडेचारच्या ब्रेकला खायला. पोटात काहीतरी असलं की एका वडापाववर भागतं, रिकाम्या पोटी दोन वडापाव आणि वर कोल्ड्रिंक जातं. एका वडापावात साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी, तो एवढा काही व्हिलन नाही. चायनीज भेळ आणि त्या लाल-लाल शेजवानबद्दल मी असं म्हणणार नाही.

पैसे रोज सुटे देण्यापेक्षा आठवड्याचे एकदम देतो. मग तोच ठरवतो की शुक्रवारी मोमो खायचे तर सोमवारी-मंगळवारी घरचं खायचं.

मुलीच्या रक्ताकडे बघा

आपल्याकडे वजनावर सगळ्यांचं लक्ष आणि हिमोग्लोबिनवर कुणाचंच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९ टक्के ॲनिमिक, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या, देशभरात, म्हणजे दहातल्या सहा. मुलगेही ३१ टक्के. पाळी सुरू झाल्यावर मुलींना लोह मुलांपेक्षा जास्त लागतं, १३ ते १५ वयात मुलीला ३० मिलिग्रॅम आणि मुलाला २२, आणि घरोघरी सुकट-अंडी-मटणाचा जास्तीचा वाटा जातो मुलाला.

करायला सोप्या दोन गोष्टी. राजगिरा, हळीव, तीळ, पालेभाज्या, उसळी असलं लोहवालं खाल्लं की त्याच्याबरोबर लिंबू, आवळा नाहीतर पेरू हवा, सी व्हिटॅमिनने ते लोह अंगी लागतं. आणि चहा त्याच वेळी नको, तास-दीड तास लांब ठेवा, चहाने लोह कमी शोषलं जातं. पोहे-चहा ही आपली लाडकी जोडी ह्याच कारणाने फोडावी लागली, माझ्या आईला ते अजून पटलेलं नाही. आणि सरकारी-अनुदानित शाळेत आठवड्याला जी लोहाची निळी गोळी देतात ती मुलं खिशात घालून येतात आणि फेकतात, घरी विचारा घेतली का म्हणून. रिकाम्या पोटी मळमळतं, जेवल्यावर घ्यायची.

जिम आणि पावडर

मोठ्याचे मित्र प्रोटीन पावडर घेतात म्हणून त्यालाही हवी होती. मी नाही म्हटलं नाही, कागद घेऊन बसलो. पुढच्या वर्षी तो सोळाचा होईल, तेव्हा त्याला दिवसाला प्रोटीन लागेल साधारण ५५ ग्रॅम. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध-दही १६, पन्नास ग्रॅम फुटाणे १० च्या आसपास, मूठभर शेंगदाणे ७, चार पोळ्या १२. झाले सत्तावन्न, अजून वरण-उसळ धरलीच नाही, मासे तर नाहीच. डब्याची किंमत आणि ह्या सगळ्याची किंमत त्यानेच काढली आणि विषय संपला, म्हणजे निदान सध्या तरी.

काय बोलायचं नाही

"किती खातेस", "गाल बघ कसे झालेत", "तुझी मावशी पण अशीच होती", हे बंद. जेवताना वजनाचा विषय नाही. धाकटीने मध्यंतरी सकाळचं खाणं सोडलं होतं, विचारल्यावर म्हणाली भूक नसते, आणि नंतर कळलं की वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं होतं. आम्ही दोघांनी त्यावर भाषण दिलं नाही, फक्त सकाळी तिच्याबरोबर मीही बसून खायला लागलो, नाचणीची आंबील नाहीतर दूध-केळं, आधी दोन घोट, मग वाटीभर. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, आणि ह्या वयात लागतं दिवसाला १००० च्या आसपास, म्हणून दूध आणि नाचणी आम्ही सोडत नाही.

पण काही गोष्टी घरच्या उपायाच्या नसतात. पोरगी सतत जेवण टाळतेय, वजन उतरतंय, पाळी थांबलीय, किंवा जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन दार लावते, किंवा पोराला भूक आणि तहान दोन्ही खूप, सारखी लघवी आणि तरी बारीक होतोय, तर थालीपीठाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे जा.

रात्री अकराची भूक

परीक्षेच्या दिवसांत ही येतेच. अभ्यास चालू असेल तर खाऊ द्या, पण टेबलावर पाकीट नको, उठून किचनमध्ये यायचं, करायचं, खायचं आणि परत जायचं. कोमट दूध, केळं, शेंगदाण्याचा लाडू, दहीभात. कॉफी रात्री नाही, झोप उडाली की दुसऱ्या दिवशी भूक अजून वेडीवाकडी लागते.

मोठ्याला मी गॅस पेटवायला, अंडं फोडायला आणि कुकर लावायला सातवीतच शिकवलं होतं, आता काल रात्री सव्वाअकराला उठून त्याने स्वतः अंडापोळी केली आणि बहिणीलाही अर्धी दिली. तवा तसाच सिंकमध्ये होता सकाळी, अंडं वाळून चिकटलेलं, तो मी घासला.